उन्हाळ्यात स्टीम डेक थंड ठेवताना: वॅट, वारा आणि पेस्ट

११ एप्रिल: आधी मोजमाप

कन्सोल स्टीम डेक (वाल्व्ह कंपनीचा, हातात धरून खेळायचा), एलसीडी मॉडेल. खोलीत ३८ अंश. वीसेक मिनिटं खेळलं की पंखा पूर्ण वेगात जातो आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) मधूनच धपकन पडतो. काहीही विकत घेण्याआधी आकडे काढायचे ठरवलं, नाहीतर कशाने किती फरक पडला ते शेवटपर्यंत कळत नाही.

तीन ठिपक्यांच्या बटणातून परफॉर्मन्स ओव्हरले सगळ्यात सविस्तर पातळीवर ठेवला, म्हणजे एपीयूचं (प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकत्र असलेल्या मुख्य चिपचं) तापमान आणि वॅट खेळतानाच दिसतात. गेम तोच, सेव्ह तीच, आणि उभं राहायची जागाही तीच: गेममधला गर्दीचा चौक, जिथे चिपवर सतत ताण असतो. अर्धा तास तिथे काढायचा आणि मग आकडा लिहायचा. खोलीचा तापमापक टेबलावर, डेकच्या मागच्या जाळीजवळ ठेवला. भिंतीवरचा तापमापक बऱ्याचदा भिंतीचंच तापमान सांगतो.

निकाल: खोली ३८, एपीयू ९६ च्या आसपास, मधूनच १०० ला टेकतो. हा १०० महत्त्वाचा. जुलै २०२२ च्या उष्णतेच्या लाटेत वाल्व्हनेच जाहीर सांगितलं होतं की डेक ० ते ३५ अंशांच्या हवेत उत्तम चालतो, एपीयू १०० अंशांना पोचला की वेग कमी करतो आणि १०५ ला यंत्र बंद होतं. निन्टेंडो स्विचसाठीही ५ ते ३५ अशी शिफारस आहे. म्हणजे ३८ च्या खोलीत खेळणारा आधीच मर्यादेबाहेर बसलेला आहे. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

पुढे प्रत्येक नोंदीत एपीयू वजा खोली, इतकाच आकडा लिहिणार आहे. आजचा फरक ५८. खोली दोन अंशांनी उतरली की एपीयूही साधारण तेवढाच उतरतो आणि आपल्याला वाटतं उपाय लागू पडला. एक पथ्य: पंखा पूर्ण वेगात असेल तरच हे फरक एकमेकांशी ताडून बघायचे. पंखा सावकाश झाला की तो मुद्दाम तापमान थोडं वर जाऊ देतो, आणि आकडा पुन्हा फसवतो.

१२ एप्रिल: कव्हर, गादी, मांडी

हवा मागच्या जाळीतून आत येते आणि वरच्या कडेतून बाहेर जाते. टिश्यू पेपरची बारीक पट्टी घेऊन बघा: मागे धरली की जाळीला चिकटते, वर धरली की फडफडते.

जाड सिलिकॉन कव्हर काढलं. फरक ५६. जाळीपाशी कव्हरला भोक होतं, तरीही दोन अंश गेले. कव्हर आता फक्त प्रवासात.

गादीवर पडून खेळताना डेकची पाठ पांघरुणात रुतते. काही मिनिटांतच १००. उशीवर टेकवला तरी तीच गत. मांडीवर ठेवला तर पँटचं कापड जाळी झाकतं. हातात धरला की पाठ मोकळी राहते, बोटं जाळीवर येत नाहीत. टेबलावर ठेवायचा तर मधून पोकळ असलेला स्टँड हवा. माझ्या स्टँडची मधली पट्टी नेमकी जाळीवर येत होती. ती करवतीने कापून टाकली.

१५ एप्रिल: टेबल फॅन कुठून लावायचा

पंख्याने हवा थंड होत नाही, फक्त हलते, त्यामुळे फार आशा नव्हती. पण जागा बदलली की निकाल इतका बदलेल असंही वाटलं नव्हतं.

समोरून वारा: माणसाला बरं वाटतं, फरक ५६ च राहिला. वरून खाली येणारा वारा (म्हणजे छताचा पंखा, किंवा उंचावर ठेवलेला टेबल फॅन): फरक ५९. आधीपेक्षा वाईट! वरच्या कडेतून निघालेली गरम हवा वाऱ्याने परत खाली दाबली जाते आणि मागच्या जाळीतून पुन्हा आत ओढली जाते. जाळीपाशी बोट धरून हवा कोमट लागते का ते तपासलं, लागत होती.

मागून आणि थोडा खालून वर: फरक ५१. गरम हवा वर निघून जाते आणि जाळीला खोलीतली ताजी हवा मिळते. फुकटात पाच अंश. छताचा पंखा लावूनच खेळायचं असेल तर त्याच्या बरोबर खाली बसू नका, खोलीच्या कडेला बसा.

१८ एप्रिल: वॅट कमी केले

सगळ्यात मोठा बदल इथे झाला, आणि त्याला ना स्क्रूड्रायव्हर लागला ना पैसा.

यंत्रात जेवढे वॅट जातात, तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढायला धडपडण्यापेक्षा ती कमी तयार करावी. डेकच्या मेनूत टीडीपी मर्यादा (चिपला जास्तीत जास्त किती वॅट घेऊ द्यायचे ते) आहे, ३ ते १५ वॅट. मोकळा सोडला की भारी गेम १५ वॅट घेतोच.

टेबल फॅन बंद ठेवून, कव्हर काढून मोजलं:

१५ वॅट: फरक ५६, सेकंदाला ४७ ते ५० फ्रेम.
१२ वॅट: फरक ४८, ४४ ते ४६ फ्रेम. पंखा अजून पूर्ण वेगात.
९ वॅट: फरक ४०, ३७ ते ३९ फ्रेम. पंख्याचा आवाज ऐकू येण्याइतका उतरला.
७ वॅट: फ्रेम तिशीच्या खाली, गेम ओढत चालतो. हा सोडून दिला.

१५ वरून १२ वर येताना वीज पाचव्या हिश्श्याने कमी झाली, फ्रेम मात्र तीन-चारच गेल्या. चिपला शेवटचा थोडासा वेग काढायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि व्होल्टेज वाढलं की वीज वेगाच्या मानाने कितीतरी जास्त जळते. खाली येताना हाच हिशेब आपल्या बाजूने चालतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ७ वॅटला प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही उपाशी राहतात.

९ वॅटची ओळ वरच्या दोन ओळींशी काटेकोर ताडता येत नाही, कारण पंखा मंदावला होता. तरी ३८ च्या खोलीत एपीयू ७८ वर बसलाय हे पुरेसं बोलकं आहे.

मेनूत प्रत्येक गेमसाठी वेगळं प्रोफाइल ठेवायची सोय आहे, ती आधी चालू करा. नाहीतर ९ वॅटची मर्यादा सगळ्यांनाच लागते आणि दुसरा गेम अडखळायला लागला की आपण भलतीकडेच कारण शोधत बसतो.

२० एप्रिल: ४० फ्रेम, ४० हर्ट्झ

९ वॅटला फ्रेम ३७ ते ३९ च्या मध्ये हेलकावत होत्या आणि डोळ्याला ते टोचत होतं. स्क्रीन ४० हर्ट्झवर (सेकंदाला ४० वेळा चित्र बदलणारी) आणली, फ्रेमची मर्यादा ४०, सावल्या एक पायरी खाली, गवताची दाटी कमी. आता ४० वर स्थिर.

३० का नाही? ३० ला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० ला १६.७. त्याच्या बरोबर मध्ये २५, आणि २५ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम. संख्येत ४० हे ३० च्या जवळ दिसतं, पण फ्रेमच्या वेळेत अर्धं अंतर कापलेलं असतं. एलसीडी डेकची स्क्रीन ४० ते ६० मध्ये कुठेही लावता येते. ओएलईडी मॉडेलची ४५ ते ९०, तिथे ४५ वर तेच करून बघा.

फ्रेमची मर्यादा एकटीही कामाची आहे. हलक्या गेमना टीडीपी न छेडता नुसती मर्यादा लावली तरी चिप उगाच धावत नाही. काही जुने गेम मेनूच्या स्क्रीनवर सुद्धा जमतील तेवढ्या फ्रेम काढत बसतात आणि पंखा ओरडतो. त्यांच्यासाठी तर एवढंच पुरे.

ब्राइटनेस अर्ध्यावर आणली. एपीयूच्या आकड्यात काही दिसलं नाही, पण बॅटरीतून जाणारे वॅट थोडे उतरले आणि स्क्रीनची काच हाताला कमी तापलेली लागते.

२४ एप्रिल: चार्जिंग

आतापर्यंत सगळं लक्ष एपीयूवर. तो शंभरीला टेकला तरी स्वतःला सांभाळून घेतो. उन्हाळ्यात खरी काळजी घ्यायची ती बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी गरम असताना चार्ज करणं आणि गरम असताना काठोकाठ भरलेली ठेवणं, दोन्हींनी तिचं वय झपाट्याने उतरतं. दुपारी ३८ च्या खोलीत चार्जर लावून भारी गेम खेळला की चार्जिंगची उष्णता चिपच्या उष्णतेत मिळते. इन्फ्रारेड तापमापकाने पाठीवरचं प्लास्टिक मोजलं: नुसतं खेळताना ४३, चार्ज करत खेळताना ४७. (हा तापमापक प्लास्टिकवर ठीक चालतो. चकचकीत धातूवर धरला तर वाटेल ते सांगतो.)

आता चार्जिंग पहाटे, डेक पूर्ण बंद करून. खेळायच्या वेळी बॅटरीवरच. ४० वॅट-तासांची बॅटरी १५ वॅटच्या खेळात (स्क्रीन वगैरेंचे वॅट वेगळे) पावणेदोन तासांच्या आतबाहेर संपायची, ९ वॅटला अडीच तास टिकते, त्यामुळे चार्जरची आठवणही कमी येते. सतत डॉकवर (टीव्ही आणि चार्जरला जोडणाऱ्या स्टँडवर) ठेवणाऱ्यांनी स्टीम ओएस ३.७ पासून आलेली चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावावी.

स्क्रीनची कड उचललेली दिसली, मागचं झाकण फुगलं किंवा ट्रॅकपॅड दाबले जाईनासे झाले, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तिथे या नोंदी सोडा. चार्ज करू नका, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

२ मे: झाकण उघडलं

दोन वर्षं वापरलेलं यंत्र, धूळ असणारच. क्रम लिहून ठेवतो, कारण इथेच बहुतेकांचं नुकसान होतं.

मायक्रोएसडी कार्ड आधी काढा. ते आत राहिलं आणि झाकण उचललं की कार्ड मधोमध मोडतं. मग बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन (बंद असताना व्हॉल्यूम वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र) बॅटरी स्टोरेज मोड लावा. यातून परत जागं करायला चार्जर जोडावा लागतो. यंत्र मेलं म्हणून घाबरायचं नाही.

मागे आठ स्क्रू, चार लांब आणि चार आखूड. कागदावर डेकची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर प्लास्टिक फाटतं. एलसीडी मॉडेलमध्ये हे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडून बसलेले असतात, म्हणून परत लावताना आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात ‘टक्’ करून उतरला की मगच सुलटा आवळायचा. झाकणाच्या खाचा प्लास्टिकच्या पातीने उघडल्या. स्क्रूड्रायव्हर घातला असता तर कडेला ओरखडे नक्की.

आत धातूचं कवच आहे. त्याचा एक स्क्रू चकचकीत स्टिकरखाली लपलेला असतो. तो न काढता कवच ओढणाऱ्यांनी ते वाकवल्याचे फोटो पाहिले होते, म्हणून आधी शोधला. कवच निघाल्यावर लगेच बॅटरीची जोडणी सोडवली.

धूळ जाळीवर फारशी नव्हती. पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्या यांच्या सांध्यात मात्र तिचा राखाडी नमदा बसला होता, बोटाच्या पेराएवढा लांब, चिमट्याने अख्खा निघाला. बाहेरून हवेचा फवारा मारून हा कधीच निघाला नसता, उलट घट्ट झाला असता. फवारा मारताना पंख्याचं पातं टूथपिकने धरून ठेवा; मोकळा भरभर फिरला तर बेअरिंग बिघडतं.

परत जोडून मोजलं. १५ वॅट, टेबल फॅन बंद: फरक ५२. नमदा काढल्याने चार अंश मिळाले.

३ मे: थर्मल पेस्ट

उघडायला आता हात सरावला होता, म्हणून चिप आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पेस्टही बदलायला घेतली. जुनी पेस्ट कडेला कोरडी, मधे अजून ओलसर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन चिप आणि तांबं दोन्ही आरशासारखं होईपर्यंत पुसलं. नवीन पेस्टचा पातळ थर चिपभर पसरला.

पहिल्या फेरीत फरक ५४. दोनने वाढलाच! पुन्हा सगळं उघडलं. ठसा बघितल्यावर कारण दिसलं: एका कोपऱ्यात पेस्ट जाड, समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ नाहीच. हीटसिंकचा एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की तो तिरका बसतो. पुसून नवीन थर दिला, या वेळी सगळे स्क्रू आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. फरक ४९.

म्हणजे अख्खी दुपार आणि निम्मी ट्यूब खर्चून तीन अंश. टीडीपीच्या मेनूत अर्ध्या मिनिटात आठ मिळाले होते. यंत्र तीन-चार वर्षं जुनं असेल किंवा धुळीसाठी उघडणारच असाल तर पेस्ट बदला. नुसत्या पेस्टसाठी उघडू नका.

पेस्टऐवजी लिक्विड मेटल (पातळ धातू) लावू का, असं विचारणाऱ्यांना: नको. ते वीजवाहक आहे, हातात हलणाऱ्या, आपटणाऱ्या यंत्रात एक थेंब सरकला की बोर्ड गेला. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियमही खातं.

९ मे: पाठीवर चिकटवायचा कूलर

फोनवर लावतात तसला, पेल्टियरवाला (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते असला), उसना आणला. पट्टी गार होते, हाताला छान लागते. फरक ४९ वरून ४८. डेकची पाठ प्लास्टिकची, तिच्या आणि चिपच्या मध्ये हवेची पोकळी आणि कवच. फोनमध्ये उष्णता पाठीवाटे बाहेर येते, इथे ती वरच्या कडेतून वाऱ्याबरोबर जाते. चुकीच्या दारात गारवा उभा केल्यासारखं झालं.

तोच कूलर जाळीवर धरला तर आत जाणारा वाराच अडला, लगेच शंभरी.

शिवाय पट्टीवर थेंब जमले. ३८ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १७ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. फ्रीजमध्ये ठेवून मग खेळायची युक्तीही याच कारणासाठी बाद, कारण तिथे हे थेंब आतल्या बोर्डावर जमतात. कूलर परत केला.

१६ मे: स्ट्रीमिंग

भारी गेम पीसीवर चालवून रिमोट प्लेने डेकवर दाखवला. डेकला फक्त व्हिडिओ उलगडायचा असतो. एपीयू साठीत, पंखा जवळजवळ ऐकू येत नाही. वाटलं, सुटलो.

पण पीसी त्याच खोलीत होता. दोनतीनशे वॅटचा हीटर लावून बसल्यासारखी खोली तासाभरात दोन अंशांनी चढली, डेक आनंदात आणि मी घामाघूम. पीसी दुसऱ्या खोलीत असेल आणि राउटरला केबलने जोडलेला असेल तरच हा मार्ग धरा.

२१ मे: पाण्याचा कूलर

कोरड्या हवेत पाण्याचा कूलर खोलीची हवा खरोखर गार करतो, साध्या पंख्यासारखी नुसती हलवत नाही. कूलरसमोर तापमापक ३१ दाखवत होता, म्हणजे पस्तिशीच्या आत. एपीयू त्याच प्रमाणात खाली. ओल्या हवेने आत दव धरेल का ही शंका होती. खेळताना डेक भोवतीच्या हवेपेक्षा गरमच असतो, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. खरा धोका उडणाऱ्या तुषारांचा. कूलरच्या तोंडाशी धरलेल्या काचेवर थोड्या वेळाने पांढरे ठिपके दिसले, पाण्यातले क्षार. हेच पंख्यात आणि पात्यांत जाऊन बसणार. दोन मीटर मागे सरकल्यावर काच स्वच्छ राहिली. दमट हवेत मात्र हा कूलर गारवा देत नाही; तिथे एसी किंवा कमी वॅट.

२८ मे: बॅगेत

डेक झोपवून बॅगेत टाकला आणि काढला तेव्हा पाठ चांगलीच गरम. झोपेतून कशाने उठला माहीत नाही, पण बंद पेटीत जागा राहिलेला डेक स्वतःचीच गरम हवा पीत राहतो. आता बाहेर नेताना झोप नाही, पूर्ण बंद. पेटीत घालण्याआधी पाच मिनिटं मोकळा ठेवतो, पंखा थांबल्यावरही आतला धातू गरम असतो. डाउनलोड चालू ठेवून पेटी बंद करणं तर नकोच. उन्हात उभ्या गाडीत अजिबात ठेवत नाही. तिथे बंद यंत्राची बॅटरीही भाजते.

४ जून: सध्याची मांडणी

भारी गेमना ९ किंवा १० वॅट, ४० हर्ट्झ, ४० फ्रेम. हलक्यांना नुसती फ्रेमची मर्यादा. कव्हर नाही, टेबल फॅन मागून-खालून. काल खोली ३९ होती, एपीयू ७४, फ्रेम पडली नाही.

खोली ४० च्या वर गेली की भारी गेम बंदच ठेवतो. चिप निभावून नेईल, पण पाठीवरचं प्लास्टिक मोजलं तर बॅटरीच्या बाजूला ४५ दिसतं, आणि ती बदलणं पेस्ट बदलण्याइतकं सोपं नाही: चिकटवलेली आहे, उचकटताना वाकते.

राहिलेलं काम: पेस्टऐवजी फेज चेंज पॅड (गरम झाला की मऊ होऊन पसरणारा) लावून बघायचं आहे. तो पेस्टसारखा कडेला सरकत नाही म्हणतात. पण त्यासाठी पुन्हा आठ स्क्रू उघडायचे, आणि त्यातल्या खालच्या डाव्या स्क्रूचे आटे आताच थोडे सैल लागतायत. पुढची धूळ काढायची वेळ येईल तेव्हाच.